तीनशे दहा ग्रॅम

ओत्सोने काउंटरवर पाच सायलेन्सर मांडले आहेत.
बाहेर कुहमोचा रस्ता, उणे अकरा.
माझ्या चष्म्यावर अजून वाफ.

"आधी हातात घे," तो म्हणतो, "आकडे मागाहून."
पहिला पोलादी. मनगट लगेच कुरकुरतं.
दुसराही पोलादीच, जरा आखूड.
तिसरा टायटॅनियमचा.
तळहाताला वजन कळतच नाही,
थंडी तेवढी कळते.

मला दोन रायफलींना मिळून एकच हवाय.
एक बाबांची, तीनशे आठ, मूसच्या शिकारीची;
एक माझी, साडेसहाची, कायानीच्या स्पर्धेची.
नळ्यांचे आटे सारखे आहेत,
बाकी काहीच सारखं नाही.
"बसेल," ओत्सो म्हणतो,
"पण भोक थोरलीच्या मापाचं.
धाकटीला आवाज थोडा जास्त येणार.
थोरल्या बहिणीचा कोट, वारा शिरतोच."

आणि शिकारीत दिवसाला एक गोळी, फार तर दोन.
स्पर्धेत दोन मिनिटांत दहा.
पातळ धातू भराभर तापतो,
त्याच्यावर हवा थरथरू लागते
आणि दुर्बिणीतलं लक्ष्य
तळ्यात पडल्यासारखं हलतं.
"मग पोलादी घे," तो म्हणतो.
पोलादी घेऊन तू चाल, ओत्सो,
कुत्रीमागे चौदा किलोमीटर, दलदलीतून.
नळीच्या टोकाचा एक ग्रॅम
संध्याकाळपर्यंत खांद्यावर तीन होतो.

टायटॅनियमचाच घेतला.
वर कापडी खोळ, उष्णतेसाठी, वेगळे पैसे.

घरी बाबांनी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला,
जिथे आई यीस्ट मोजायची.
तीनशे बावीस.
खोक्यावर तीनशे दहा.
"बारा ग्रॅमचं खोटं," बाबा म्हणाले,
समाधानाने.

बाबांचा डावा कान गेलाय.
उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्याचा आधी डावाच जातो,
तो नळीच्या तोंडाकडे असतो म्हणून.
चाळीस हेमंत. एकदाही कानात बोळा नाही.
बोळा घातला तर कुत्रा ऐकू येत नाही, म्हणायचे.
म्हणून आमच्या घरात
सगळ्या खुर्च्या टेबलाच्या एकाच बाजूला सरकलेल्या,
पाहुण्यांना वाटतं, खिडकीसाठी.

तळ्यापलीकडची हिल्मा
पिठातून हात न काढता सांगायची,
"ही एइनारीची." किंवा "ही त्या पोरांची, चुकली."
प्रत्येक रायफलीचा गळा तिला ठाऊक होता.
आता आवाज येतो, पण वाळक्या फांदीसारखा,
आणि कुठून आला ते झाडांनाही सांगता येत नाही.
मागच्या आठवड्यात दुकानात भेटली तर म्हणाली,
"यंदा कुणी शिकारीला गेलंच नाही वाटतं."
मी काय सांगणार.
आमच्या फ्रीजरमध्ये अर्धा मूस होता.

शनिवारी खाणीमागच्या मैदानावर गेलो.
बाबांच्या रायफलीवर चढवला,
हाताने घट्ट, पान्याशिवाय.
पहिल्या तीन गोळ्या चार बोटं खाली गेल्या;
ओत्सोने सांगितलंच होतं,
वजन टोकाला आलं की नेम नव्याने शिकवावा लागतो.
दुर्बिणीचे टिचके मोजत वर आणला.

रुस्का गाडीच्या दाराशी बांधलेली.
एरवी पहिल्या बारालाच पोट जमिनीला टेकवते.
आज तिचे कान उभेच.
ती माझ्याकडे पाहत होती,
काम सुरू व्हायचंय अजून, अशी.

मग रायफल बाबांना दिली.
त्यांनी बोटांतले मोजे काढले, श्वास अर्धा सोडला.
गोळी गेली.
दूरच्या कागदावर, काळ्याच्या काठाशी, भोक पडलं.
सायलेन्सरच्या तोंडातून बारीक धूर.
बाबा गालाशी रायफल धरून तसेच पडून राहिले.
मग म्हणाले, "सुटली का?"

मी त्यांच्या डावीकडे उभी होते.
बर्फातून वळसा घालून
उजवीकडे गेले,
वाकले,
आणि सांगितलं.